रणदिव्यांची न उडालेली गोळी

हरिदास रणदिव्यांनी आयुष्यात एकच गोळी अगदी मनापासून झाडायची ठरवली होती, आणि नेमकी तीच उडाली नाही. त्याआधीच्या चाळीसेक उडाल्या होत्या. त्यांचं कुणाला काही पडलेलं नव्हतं, खुद्द रणदिव्यांनाही नाही.

आडनावावर जाऊ नका. रणदिव्यांच्या घराण्यात रणावर कुणी गेल्याची नोंद नाही. वडील पोस्टात, आजोबा शाळा-तपासनीस, आणि स्वतः हरिदास लंडनच्या एका कौन्सिलात, पार्किंगच्या दंडाविरुद्ध आलेली अपिलं फेटाळण्याच्या खात्यात एकतीस वर्षं. पाटी झाडाआड होती, आई अचानक आजारी पडली, मी दोनच मिनिटांसाठी उतरलो होतो, असल्या सबबी त्यांनी इतक्या वाचल्या की शेवटी शेवटी त्यांना कागद हातात घेतल्याबरोबर कळायचं. खरं बोलणारा दोन ओळींत आटपतो, खोटं बोलणारा पान उलटून लिहितो, असा त्यांचा सिद्धांत होता. तो ते मराठी मंडळाच्या प्रत्येक सहलीत सांगायचे आणि लोक प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं करायचे.

तर अशा माणसाच्या डोक्यात बंदूक कुठून शिरली? शेजाऱ्यामुळे. लंडनच्या स्टॅनमोर भागात रणदिव्यांच्या आणि केन हॉजच्या घराची मधली भिंत एकच, मागे अंगणात लाकडी कुंपण, आणि त्या कुंपणावरून सव्वीस वर्षं चाललेल्या गप्पा. केन कारखान्यात साचे बनवायचा. फार वर्षांपूर्वी, बागेतल्या शेडमध्ये चार वर्षं खपून त्याने एक ठासणीची बंदूक बनवली होती. तिच्यात काडतुसाची भानगड नाही. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी गजाने ठासायची, बाजूच्या इवल्याशा वाटीत चिमूटभर दारू घालायची, आणि चाप ओढला की घोड्याच्या जबड्यात धरलेली गारगोटी पोलादी पट्टीवर आपटून ठिणगी पडायची. नळी तेवढी केनने विकत आणली होती. दस्ता, घोडा, पट्टी, आतल्या स्प्रिंगा, सगळं त्याच्या हातचं. मुख्य स्प्रिंग त्याने बायकोच्या गॅसवर लाल करून तेलात विझवली, आणि त्या वासापायी त्या रविवारचं जेवण कुणाच्या घशाखाली उतरलं नाही, ही गोष्ट रणदिव्यांनी किमान तीस वेळा ऐकली होती. दर वेळी केन शेवटी म्हणायचा की बायको गेली, कारखाना गेला, स्प्रिंग मात्र अजून जशीच्या तशी आहे.

केन त्र्याऐंशीचा झाला आणि त्याचे हात कापायला लागले. नॉटिंगहॅमला राहणारी त्याची मुलगी ज्यूडिथ म्हणाली, आता बास, माझ्याकडे या. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात जायचं ठरलं. हे ठरलं त्याच नोव्हेंबरात एका सकाळी तो कुंपणाशी आला, नेहमीसारखा हवेबद्दल बोलला, आणि मग म्हणाला, "हॅरी, ती तू घे. कपाटात ठेवायला नको, झाडायला घे. जाण्याआधी एकदा मला तिचा आवाज ऐकायचाय."

रणदिवे हो म्हणून बसले. का म्हणाले, हे त्यांच्या बायकोने, मधुमतीबाईंनी, त्यांना पुढे वर्षभर विचारलं आणि त्यांना धड सांगता आलं नाही. खरं कारण इतकंच होतं की त्यांच्याकडे आजवर सगळ्यांनी दंड माफ करा एवढंच मागितलं होतं. इतकं मोलाचं काही आपणहून हातात ठेवू पाहणारा केन पहिलाच.

पुढचं सगळं कागदांचं. आधी निशाणेबाजीच्या क्लबात उमेदवारी करायची, मग परवान्याचा अर्ज. क्लब हर्टफर्डशरमधल्या एका जुन्या चुनखाणीत होता. तिथला रेंज ऑफिसर डेरेक हा रिटायर्ड भूगोलाचा मास्तर, आणि तो सगळ्यांशी सातवीतल्या मुलांशी बोलावं तसं बोलायचा. क्लबाच्या बंदुकीवर रणदिवे शिकले. पहिल्या वेळी नाकासमोर भक्कन जाळ झाला तेव्हा त्यांनी डोळे मिटले, मान फिरवली आणि गोळी कुठल्या परगण्यात गेली ते कुणाला कळलं नाही. तिसऱ्या आठवड्यात उजवी भुवई अर्धी जळाली. मंडळाच्या संक्रांतीला ते तशाच दीड भुवईने हळदीकुंकवाच्या पिशव्या पोहोचवायला गेले, आणि दारूवरून जेवढे विनोद होऊ शकतात तेवढे त्या दिवशी होऊन गेले. ते इथे पुन्हा देत नाही.

सल्ले तर विचारूच नका. मंडळाचे माजी अध्यक्ष शशिकांत म्हणाले की ह्या वयात माणसाने ब्रिज खेळावा. लेक ईशिता ईलिंगहून फोनवर म्हणाली, "बाबा, तुमची नजर तरी तपासून घ्या," आणि मग इंग्रजीत पंधरा मिनिटं बोलली. रणदिव्यांना अर्जावर चांगुलपणाची खात्री देणारी दोन माणसं हवी होती, म्हणून त्यांनी शशिकांतांनाच गाठलं. शशिकांतांनी अर्जदार रागीट आहे का ह्या प्रश्नाखाली लिहिलं की, मंडळाच्या सभेत ह्यांना खजिनदारपदावरून काढलं तेव्हासुद्धा हे काही बोलले नाहीत, फक्त घरी गेले. वाक्य खरं होतं, पण पोलिसांना कळवायची काही गरज होती का?

अर्जात एक रकाना होता: बंदूक बाळगण्याचं सबळ कारण. रणदिवे ह्या रकान्यापाशी चार दिवस अडले. मित्राला आवाज ऐकायचा आहे, हे कारण त्यांच्या स्वतःच्या टेबलावर आलं असतं तर त्यांनी एका मिनिटात फेटाळलं असतं. शेवटी त्यांनी 'मान्यताप्राप्त क्लबात निशाणेबाजी' असं लिहिलं आणि दारूच्या वेगळ्या परवान्याच्या अर्जावरही तेच उतरवून काढलं.

मग घर तपासायला पोलिसांकडून मिस प्रॉक्टर आल्या. भिंतीत बोल्ट ठोकून बसवलेलं लोखंडी कपाट त्यांनी हलवून पाहिलं, छान म्हणाल्या, चहा घेतला. जाता जाता त्यांनी मधुमतीबाईंना सहज विचारलं की ह्या कपाटाची किल्ली कुठे असते ते तुम्हाला माहीत आहे का. आता मधुमतीबाईंनी छत्तीस वर्षं संसार केलेला. त्या ताठ बसून म्हणाल्या की ह्या घरातली कुठली वस्तू कुठे आहे हे मला माहीत नाही असं होतच नाही, आणि उठून त्यांनी मिस प्रॉक्टरना ती किल्ली आणून दाखवली.

अर्ज सात आठवडे लांबला. ज्याच्या नावावर परवाना त्याच्याखेरीज त्या कपाटाला घरातल्या कुणाचाही हात लागता कामा नये, बायकोचासुद्धा नाही, असं मिस प्रॉक्टरनी दोनदा समजावलं. असं झाल्याचं कळलं तर परवाना जाणार. रणदिव्यांनी किल्ली लपवायला सुरुवात केली आणि मधुमतीबाईंना ती सापडायला लागली. बुटात सापडली, छत्रीत सापडली, सूटकेसच्या अस्तरात सापडली. त्या शोधत नसत, त्या आवरत असत. शेवटी रणदिव्यांनी ती माळ्यावर, जुन्या पार्किंग नियमांच्या फायलींच्या खोक्यात ठेवली. त्या खोक्याला बाईंनी रागाने कधी हात लावला नव्हता.

सप्टेंबरच्या शेवटी परवाना आला आणि केनने बंदूक कुंपणावरून नाही, पुढच्या दाराने, कोट घालून आणून दिली. शनिवार ठरला. दसऱ्यानंतरचा. त्याच्या दुसऱ्या दिवशी ज्यूडिथ केनला न्यायला येणार होती.

खंडेनवमीच्या दिवशी रणदिव्यांच्या घरी हत्यारांची पूजा असते. हत्यारं म्हणजे गाडी, शिवणयंत्र, केर ओढणारा हूव्हर, ईशिता लग्नापूर्वी घरी असायची तेव्हा तिचा लॅपटॉप. सगळ्यांना हळदकुंकू, फूल, अक्षता. त्या दिवशी रणदिवे क्लबाच्या मीटिंगहून परतले तर लोखंडी कपाटाच्या दारावर कुंकवाचं स्वस्तिक होतं आणि वर झेंडूचं फूल अडकवलेलं. "तुमच्या बंदुकीचीही केली हो पूजा," मधुमतीबाई म्हणाल्या. रणदिव्यांना बरं वाटलं. वर्षभर नाकं मुरडून शेवटी हिने बाहेरून का होईना मानलं, असं त्यांना वाटलं. बाहेरून का होईना! घटाचं साहित्य माळ्यावरून काढताना बाईंच्या हाताने फायलींचं खोकं कलंडून किल्ली बाहेर पडली तर नाही ना, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही.

शनिवारी चुनखाणीत ऊन पडलं होतं. केन घडीच्या खुर्चीत गुडघ्यावर ब्लँकेट घेऊन बसला होता, काठी मांडीवर. क्लबातली आठदहा माणसं मुद्दाम आली होती. रणदिव्यांनी दारू मोजून ओतली, गोळी ठासली, वाटीत चिमूट घातली, दस्ता खांद्याला लावला. मागे केनने कानातलं यंत्र नीट बसवलं, त्याची बारीक शिटी त्यांना ऐकू आली. त्यांनी चाप ओढला.

खट्.

बस्स, तेवढंच. ठिणगी नाही, जाळ नाही. नियमाप्रमाणे नळी समोर धरून ते मिनिटभर थांबले, घोडा पुन्हा चढवला, चाप ओढला. पुन्हा खट्. तिसऱ्यांदा गाल दस्त्याला टेकवला तेव्हा त्यांना वास आला. खोबरेल तेलाचा. छत्तीस वर्षं उशीच्या अभ्र्याला येणारा वास त्यांनी ओळखला नाही असं कसं होईल! पोलादी पट्टी नखशिखांत तेलाने माखली होती. तिच्यावर ठिणगी पडणं ह्या जन्मात शक्य नव्हतं.

डेरेक येऊन उभा राहिला. त्याने पट्टीवरून बोट फिरवलं, ते बोट पाहिलं, आणि भूगोलाच्या तासाला विचारावं तसं विचारलं की, हे कुणी केलं? तुझ्याशिवाय हिला कुणाचा हात लागलाय का?

रणदिव्यांना दोन ओळी बोलायच्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं. परवाना जाईल, हे त्यांच्या मनात आलं. आठदहा लोकांसमोर बायकोने बंदुकीला तेल लावलं म्हणायचं, हेही आलं, आणि खरं सांगायचं तर हेच जास्त आलं. तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला. केन ब्लँकेट खाली टाकून उठला होता. त्याने डेरेकला हाताने बाजूला केलं, खाली वाकून वाटीतून नळीत जाणाऱ्या बारीक भोकात तार घातली, काहीतरी उकरलं, कापऱ्या बोटांनी पुसलं.

"माझी मुख्य स्प्रिंग गेली," तो म्हणाला. "मऊ पडली. तेल मीच लावलं होतं, देण्याआधी. हॅरीची काही चूक नाही."

डेरेकने भरलेली गोळी उलटी काढायला घेतली. दोघातिघांनी केनच्या खांद्यावर हात ठेवला, म्हातारपणी व्हायचंच असं म्हणाले. आणि रणदिवे गप्प राहिले. गाडीत चाळीस मिनिटं केन शेजारी बसला होता, तेव्हाही गप्प राहिले. चांगली हवा होती, केन म्हणाला. हो, ते म्हणाले.

घरी आल्यावर मात्र सगळा प्रकार सांगून ते मधुमतीबाईंवर कडाडले. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग त्या म्हणाल्या, "घरात पहिल्यांदा शस्त्र आलं, आणि त्याची पूजा दाराआडून करू? कोरडं पडलं होतं, म्हणून तेलाचा हात फिरवला. चुकलं माझं. पण केनला तुम्ही सांगितलंत ना, त्याची स्प्रिंग चांगली आहे म्हणून?"

रणदिवे कपडे बदलायला वर निघून गेले. रविवारी ज्यूडिथची गाडी निघाली तेव्हा रणदिव्यांनी हात हलवला. सोमवारी फोन करू म्हणाले. मग दिवाळी झाली की करू. मग नाताळला करणं बरं, सणासुदीला माणूस खुशीत असतो. ज्या माणसाने चार वर्षं खपून घडवलेली वस्तू दहा लोकांसमोर वाईट ठरवली, तीही माझ्यासाठी, त्याला फोनवर काय म्हणायचं? दर रविवारी ते फोनजवळ बसायचे, आणि दर रविवारी मधुमतीबाई विचारायच्या, आणि ते पेपर वर घ्यायचे.

जानेवारीत पोलिसांचं पत्र आलं. नेहमीची तपासणी, मिस प्रॉक्टर येऊन जातील. रणदिव्यांची गाळण उडाली. मिस प्रॉक्टर बायकोला विचारणार, आणि मधुमतीबाई खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हेत, त्या खंडेनवमीसकट सगळं सांगणार. दोन रात्री त्यांना झोप नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी कुणाला न विचारता परवाना परत केला आणि बंदूक एका परवानाधारक विक्रेत्याकडे देऊन टाकली. तीन आठवड्यांत ती विकली गेली. कुणी घेतली ते सांगता येत नाही, विक्रेता नम्रपणे म्हणाला. मधुमतीबाईंना कळलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. त्या रिकाम्या कपाटाच्या दारावरचं वाळलेलं झेंडूचं फूल काढून घेऊन आत गेल्या, आणि रणदिव्यांना ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

एप्रिलात शेवटी बाईंनीच नॉटिंगहॅमचं तिकीट काढलं. बेसनाच्या लाडवांचा डबा हातात दिला आणि म्हणाल्या की आज बोलल्याशिवाय परत यायचं नाही.

ज्यूडिथच्या काचेच्या खोलीत केन बसला होता. बराच आटला होता, पण डोळे तेच. रणदिव्यांनी कोटही काढला नाही. "केन, स्प्रिंग चांगली होती. माझ्या बायकोने पूजेला पट्टीला तेल लावलं होतं, आणि मी गप्प बसलो." खरोखर दोनच ओळी झाल्या. सहा महिने ज्याने खाल्ले ते इतकं छोटं होतं.

केनने शेजारच्या टेबलावरचा तंबाखूचा जुना डबा ओढला, उघडला. आत तारा, गारगोट्या, आणि टिश्यूच्या पुडीत एक लाल तांदळाचा दाणा.

"हा भोकात होता," तो म्हणाला. "ईशिताच्या लग्नात तुम्ही हे माझ्या डोक्यावर टाकले होते. आठवडाभर माझ्या कॉलरमधून निघत होते. मला कळणार नाही होय?"

रणदिव्यांनी आता कोट काढला आणि ते बसले.

"दोन मिनिटं फडकं मारलं असतं तर उडाली असती," केन म्हणाला. "पण डेरेक समोर उभा. त्याला कळलं असतं तर तुझा कागद गेला असता. मला वाटलं, घरी पोचल्यावर तू फोन करशील आणि आपण दोघं पोट धरून हसू. मी सहा महिने ते हसू राखून ठेवलंय, हॅरी."

मग तो खरंच हसला, खोकला लागेपर्यंत. रणदिवेही हसले, आणि हसता हसता त्यांना रडू आलं, ते त्यांनी नाक शिंकरून निभावून नेलं. केनने दोन लाडू खाल्ले. ज्यूडिथ चहा ठेवून गेली. मग केन पुढे सरकला आणि त्याने रणदिव्यांच्या मनगटावर हात ठेवला. हात पूर्वीपेक्षा जास्त कापत होता.

"इथून वीस मिनिटांवर एक रेंज आहे. ज्यूडिथने विचारून ठेवलंय, खुर्ची नेता येते. मेमध्ये बंदूक घेऊन ये. आता तर काय, स्प्रिंग चांगली आहे हे दोघांनाही माहीत आहे."

रणदिव्यांनी डब्यातल्या तांदळाच्या दाण्याकडे पाहिलं.

"हो," ते म्हणाले. "आणतो."

परतीच्या ट्रेनमध्ये त्यांनी फोनवर परवान्याचा कोरा अर्ज उघडला. पुन्हा डॉक्टरचा दाखला, पुन्हा शशिकांत, पुन्हा मिस प्रॉक्टर. कमीत कमी दहा महिने. आणि बंदूक कुणाच्या घरी, त्याचा पत्ता नाही. सबळ कारणाच्या रकान्यात ह्या खेपेला त्यांनी खरं ते लिहिलं, मित्राला आवाज ऐकायचा आहे, आणि ते वाचत बसले. लेस्टर आलं तेव्हा मधुमतीबाईंचा फोन आला.

"सांगितलंत?"

"सांगितलं."

"काय म्हणाला?"

"त्याला माहीतच होतं. हसला."

पलीकडे बाईंनी सुटकेचा श्वास टाकला. मग त्यांनी विचारलं, "आणि बंदूक विकली, ते?"

रणदिवे खिडकीबाहेर पाहू लागले.

"अहो, ते सांगितलंत ना?"

"लाडू त्याला फार आवडले," रणदिवे म्हणाले. दोन तर त्याने लगेच खाल्ले, तिसरा संध्याकाळी चहाबरोबर खाणार म्हणाला, ज्यूडिथनेही अर्धा घेतला, वेलची होती का त्यात असं तिने विचारलं, डबा मात्र तिथेच राहिला, पण हरकत नाही, नंतर केव्हातरी आणता येईल. लेस्टरपासून ल्यूटनपर्यंत ते लाडवांबद्दलच बोलत होते.